माणसे स्थूल का होतात?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांस वाटेल की, ह्यात इतिहासाचा काय संबंध? पोट सुटणे ही ज्याच्या त्याच्या जिभेची गोष्ट. जो अधिक खाईल तो लठ्ठ होईल, एवढे सांगावयास जुनी पाने चाळण्याचे प्रयोजन काय? परंतु जे उत्तर इतके सोपे दिसते ते बहुधा अर्धेच असते. आपल्या पानात जे वाढले गेले त्याचा हिशेब देहात उमटतोच. पण आईच्या व आजीच्या पानात जे पडले नाही त्याचाही जमाखर्च तेथे मांडलेला असतो. हेच मला आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम आपल्या प्राचीन वैद्यांचे मत पाहू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायाचे नाव ‘अष्टौनिंदितीय’. लोक ज्यांस नावे ठेवतात अशा आठ प्रकारच्या देहांची त्यात गणना असून, अतिस्थूल व अतिकृश ह्या दोहोंचा विचार विस्ताराने केलेला आहे. स्थूलतेची कारणे म्हणून अतिभोजन, गोड, जड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप आणि निश्चिंत वृत्ती ही तेथे सांगितली आहेत. आणि त्यांच्याच जोडीला ‘बीजस्वभाव’, म्हणजे आईबापांकडून आलेला गुण, हेही कारण दिले आहे. हे शेवटचे कारण अर्वाचीन शास्त्रानेही उचलून धरले. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० व्यक्तींचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यांची अंगकाठी जन्मदात्यांशी जुळली. ज्यांच्या घरी त्या वाढल्या त्यांच्याशी नव्हे. पुढे १९९४ साली न्यूयॉर्क येथे जेफ्री फ्रीडमन ह्यांनी लेप्टिन हे द्रव्य शोधून काढले. शरीरात मेदाचा साठा किती आहे ह्याची वर्दी ते मेंदूस देते. भुकेचा लगाम सर्वस्वी मनाच्या हाती नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले.

तथापि बीज काही पाच वर्षांत पालटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली भारतातील शेकडा २०.६ स्त्रिया व १८.९ पुरुष अधिक वजनाचे आढळले. २०१९-२१ च्या पाहणीत हेच आकडे २४ व २२.९ झाले. अशा वाढीचे कारण भोवतालच्या परिस्थितीतच शोधावे लागते. त्यासाठी एकच गाव डोळ्यांपुढे घेऊ.

साष्टीच्या उत्तर टोकाशी, वसईच्या खाडीवर घोडबंदर आहे. घोड्यांच्या व्यापारावरून हे नाव पडले असे सांगतात. येथील पोर्तुगीजांचा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली वसईच्या मोहिमेत जिंकला. पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावर मिरची, काजू, अननस आणि पाव आणले. पण त्या नव्या जिनसांनी येथील माणसे लठ्ठ झाली नाहीत. ह्या पट्ट्यातील आगरी, कोळी व ख्रिस्ती कुटुंबे भातशेती, मिठागरे व मासेमारी ह्यांवर जगत. चिखलात उभे राहून लावणी करणे, उन्हात मीठ ओढून त्याच्या राशी घालणे, भरतीओहोटीच्या वेळा सांभाळून होडी वल्हविणे, हे त्यांचे नित्याचे काम. भात तेही पोटभर खात. परंतु खाल्लेला भात संध्याकाळपर्यंत अंगातून घामावाटे निघून जाई.

आज घोडबंदर मीरा-भाईंदर शहरात मोडते. तेथे १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका झाली. शेतांच्या जागी अनेक मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. येथील रहिवाशाचा दिवस आता लोकलच्या डब्यात, कचेरीच्या खुर्चीत आणि घोडबंदर रस्त्यावरील वाहनांच्या रांगेत जातो. ताटातला भात तोच राहिला. तो जिरविणारे काम मात्र गेले.

ताटही सर्वस्वी तेच राहिले असे नाही. साखर धंद्यास १९३२ साली कायद्याने संरक्षण मिळाले. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, आणि पुढे महाराष्ट्र साखरेचे आगर बनला. मुंबईस शिवडी येथे १९३२ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला व १९३७ पासून ‘डालडा’ घरोघर पोचला. सणावारी होणारे गोडधोड व तळण अशा रीतीने रोजचे झाले.

येथवरची हकीकत आळस व चैन ह्यांचीच वाटेल. पण घोडबंदरसारख्या नव्या वस्त्यांत जी कुटुंबे घाटावरून आली, त्यांचे पूर्वज कोणत्या दिवसांतून गेले होते? १८७६-७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा दुष्काळ, त्यापाठोपाठ छप्पन्नचा दुष्काळ, आणि आपल्या हयातीतील १९७२ चा. १८७७ साली दुष्काळी कामावरील पुरुषास सरकारने दिवसाला सुमारे एक रत्तल धान्य व वर थोडे पैसे एवढीच मजुरी ठरविली, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने तीविरुद्ध तक्रार केली होती. खडी फोडणाऱ्यास एक रत्तल. मग घरात सर्वांच्या मागून जेवणाऱ्या गरोदर बाईस काय मिळाले असेल?

ह्या उपासमारीची खूण पुढील पिढीत राहते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. गरोदरपणाच्या पूर्वार्धात ज्यांच्या माता उपाशी राहिल्या, त्यांच्या मुलांत एकोणिसाव्या वर्षी लठ्ठपणाचे प्रमाण अधिक आढळले. आपल्याकडे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो. आमची बाळे स्नायूंनी व पोटातील अवयवांनी लहान होती; कातडीखालचा मेद मात्र त्या मानाने फारसा कमी नव्हता. पोषण अपुरे पडले तरी गर्भाने मेदाची शिदोरी राखलेली होती.

ह्याच याज्ञिकांनी २००४ साली इंग्लंडचे डॉ. युडकिन ह्यांच्यासह स्वतःची तुलना ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण युडकिन ह्यांच्या देहात मेद शेकडा ९.१, तर याज्ञिकांच्या देहात २१.२. दिसावयास सडपातळ आणि आतून स्थूल, असा हा प्रकार आहे. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्या लोकांसाठी मर्यादा खाली आणल्या. निर्देशांक २३ झाला की वजन अधिक, आणि २५ झाला की लठ्ठपणा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरांच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरांच्या वर जाऊ नये. ह्या मेदाच्या मागोमाग मधुमेह व हृद्रोग येतात, हे सांगणे नलगे.

तात्पर्य, टंचाईत घडलेल्या देहास अकस्मात सुबत्ता व खुर्ची मिळाली म्हणजे तो साठवू लागतो. साठविणे हेच त्यास पिढ्यानपिढ्या शिकविलेले आहे. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. वर्गातील लठ्ठ मुलास ‘खादाड’ म्हणून हसणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय अज्ञानाचेही आहे. आणि ज्यांस आपण किडकिडीत समजून निर्धास्त राहतो, त्यांनीही एकदा टेप घेऊन कंबर मोजावी. चालणे, साखर व तळण आवरणे हे उपाय चरकाच्या काळापासून ठाऊक आहेत व ते प्रत्येकाने करावेत. परंतु लठ्ठपणाचा प्रतिबंध त्याही आधी, घरातील मुलीच्या व सुनेच्या ताटापासून सुरू होतो. तिला वेळेवर, पुरेसे व चौरस अन्न मिळाले, तर जे मूल अजून जन्मास यावयाचे आहे त्याच्या देहास टंचाईची शिकवण मिळणार नाही.