महाविद्यालयीन आवारातील बायबल अभ्यास : सक्तीच्या तासिकेकडून ऐच्छिक मंडळाकडे

प्रस्तावना

शहापूर व मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील ग्रामीण तालुक्यांतील महाविद्यालये १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. येथील उच्च शिक्षण स्थानिक शिक्षणसंस्थांनी उभे केले. मुंबई शहरातील इंग्रजी शिक्षणाच्या पायाभरणीत मात्र ख्रिस्ती मिशनऱ्यांचा वाटा मोठा होता. विद्यार्थ्यांनी एकत्र बसून बायबल वाचण्याच्या प्रथेचा मागोवा घेताना म्हणूनच प्रथम मुंबईकडे वळावे लागते. विद्यार्थ्याची संमती हाच या इतिहासातील कळीचा प्रश्न ठरला.

शाळेतील तासिका व समाजातील खळबळ

स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले व १८३२ साली त्यांनी इंग्रजी शाळा सुरू केली. पुढील काळातील विल्सन महाविद्यालयाचे मूळ या शाळेत आहे. गणित, विज्ञान व इंग्रजी यांच्याबरोबरीने बायबल हा तेथील शिक्षणाचा भाग होता. पालकांना इंग्रजी विद्या हवी होती. तिच्यासोबत येणारा धर्मोपदेश ते सोसत होते.

हा समतोल १८३९ साली ढळला. धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. कोणाबरोबर जायचे हे ठरवण्याची मोकळीक न्यायालयाने धनजीभाईंना दिली आणि ते मिशनकडे परतले. अनेक पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली.

पुढे १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनमध्ये राहत होता. तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला आईवडिलांच्या स्वाधीन केले. प्रायश्चित्त देऊन त्याला ज्ञातीत परत घ्यावे, ही बाळशास्त्री जांभेकर यांची भूमिका होती. सनातनी मंडळींनी तिला कडाडून विरोध केला. एका मुलाच्या निमित्ताने संमतीचे वय, पालकांचा हक्क व ज्ञातीचे दार हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी उभे राहिले.

खलित्यातील भेद

१८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष ठेवले. बायबल ग्रंथालयात असावे, विद्यार्थ्याने स्वेच्छेने विचारल्यास शिक्षकाने शाळेच्या वेळेबाहेर त्याचे शंकानिरसन करावे, एवढीच मुभा त्यात होती. वेळापत्रकातील वेळ व विद्यार्थ्याचा स्वतःचा वेळ यांमधील हा भेद पुढे महत्त्वाचा ठरला. मिशनच्या महाविद्यालयांत मात्र बायबलची तासिका त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिली.

विद्यार्थ्यांच्या संघटना

१८९५ साली स्वीडनमधील वाडस्टेना येथे जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी महासंघाची स्थापना झाली. भारतात १९१२ साली ख्रिस्ती विद्यार्थी चळवळ संघटित झाली, तर १९५४ साली युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया ही संघटना स्थापन झाली. पहिल्या प्रवाहाने सामाजिक प्रश्नांच्या चिंतनावर भर दिला. दुसऱ्याने वैयक्तिक श्रद्धा व बायबलचे वाचन यांना केंद्रस्थान दिले. अशा मंडळांत वेगवेगळ्या चर्चचे विद्यार्थी एकत्र येतात. उतारा काय सांगतो, त्याचा अर्थ काय व तो जगण्यात कसा उतरवावा, या क्रमाने चर्चा होते. ही चर्चा विद्यार्थीच चालवतात. तासिकेपेक्षा हे रूप मूलतः निराळे आहे. येथे हजेरीपट नसतो व परीक्षाही नसते.

संविधानाची चौकट

२६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार, पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. राज्यमान्य किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय, तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, त्याला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. श्रीपतच्या खटल्यात ऐरणीवर आलेल्या वयाच्या व संमतीच्या प्रश्नांना येथे निश्चित घटनात्मक उत्तर मिळाले. अनुच्छेद २५ प्रत्येक व्यक्तीस सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देतो. तेथे मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादा आहेत.

समारोप

कायद्याने सक्ती संपली, तरी संमतीची कसोटी संपलेली नाही. वसतिगृहातील जागा, शुल्काची मदत किंवा प्राध्यापकाची मर्जी ज्या हातात असते, त्याच हाताने निमंत्रण आले तर गरीब विद्यार्थ्याचा होकार कितपत मोकळा, हा प्रश्न उरतोच. दुसरीकडे, मूठभर विद्यार्थ्यांनी आपला ग्रंथ एकत्र वाचणे हा संशयाचा विषय ठरू लागला, तर सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य केवळ कागदावर राहील. शहापूर-मुरबाडसारख्या भागात घरातून महाविद्यालयापर्यंत पोहोचणाऱ्या पहिल्याच पिढीतील मुलामुलींसाठी या दोन्ही बाजू सारख्याच महत्त्वाच्या आहेत. कोणत्याही धर्माच्या अभ्यासमंडळात निर्धास्तपणे येता यावे व तितक्याच निर्धास्तपणे तेथून उठून जाता यावे, हाच १८३९ पासूनच्या या घटनाक्रमाचा बोध होय.