डिंकाच्या पापुद्र्याची कुळकथा

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात किंवा समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखिते चाळणारा अभ्यासक अक्षराचे वळण, मिती आणि नावनिशी यांची रुजुवात करण्यात इतका गुंतलेला असतो की, ज्या काळ्या शाईने तो मजकूर आजवर धरून ठेवला तिच्या घटनेचा विचार करण्याची तसदी तो सहसा घेत नाही. काजळी आणि पाणी यांचे मुळात सख्य नाही. परंतु काजळी बाभळीच्या डिंकाबरोबर घोटली, म्हणजे डिंकाचे लांबलचक रेणू तिच्या कणाकणाला लपेटतात, आणि या वेष्टनाची आडकाठी व त्यावरील ऋण विद्युत्भार या दोहोंमुळे कण एकमेकांस चिकटत नाहीत. निसर्गदत्त भारित बहुवारिकाचा, म्हणजे अशा लांब साखळीरेणूंच्या द्रव्याचा, पापुद्रा चढवण्याची विद्या अशी बोरूच्या काळी कारकुनी वहिवाटीतच होती. तिची उपपत्ती मात्र पुष्कळ उशिरा आली.

1929 साली बुंगेनबर्ग द याँग आणि क्रॉइट या डच रसायनज्ञांनी भारित कलिलांच्या एका विलक्षण वर्तनाला शास्त्रीय नाव आणि चौकट दिली. जिलेटिनचे द्रावण पुरेसे आम्लधर्मी केले की जिलेटिन धनभारित होते. त्यात ऋणभारित अरबी डिंक मिसळला तर दोघे परस्परांना धरून पाण्यातून वेगळे होतात आणि दाट द्रवाचे थेंब बनतात. ही केवळ प्रयोगशाळेतली गंमत राहिली नाही. अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने याच जोडीच्या कवचात रंगद्रव्याचे सूक्ष्म थेंब कोंडले आणि 1954 साली कार्बनवाचून नक्कल उमटवणारा कागद बाजारात आणला. दफ्तरी कारभाराला डिंकाने दुसऱ्यांदा हात दिला, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि थेंब निराळा आणि थरांवर थर चढवलेला पापुद्रा निराळा. आयलर याने 1966 साली विरुद्ध भारांचे सूक्ष्म कण आळीपाळीने काचेवर बसवून दाखवले होते. पण कणांच्या जागी बहुवारिके योजून या युक्तीला सर्वत्र चालणारी पद्धत करण्याचे श्रेय गेरो डेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, 1990 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतील कामाबद्दल, दिले पाहिजे. कृती इतकी साधी की संशय यावा. ऋणभारित काच धनभारित बहुवारिकाच्या द्रावणात बुडवायची, धुवायची, मग ऋणभारिताच्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. मर्म असे की प्रत्येक थर पृष्ठावरील भार केवळ फेडत नाही, फेडून वर शिल्लक ठेवतो. पृष्ठाचे चिन्ह उलटते आणि पुढच्या थराला जागा मिळते. शिवाय यामागील प्रेरणा निव्वळ आकर्षणाची नसते: रेणूंभोवती अडकून पडलेले लहान आयन मोकळे होतात, आणि त्यांच्या या सुटकेतून वाढणारी अव्यवस्थाच पुष्कळदा मुख्य बळ पुरवते.

नैसर्गिक बहुवारिकांत धनभारित फार थोडी. त्यांत कायटोसॅन प्रमुख. ब्राकोनो याने 1811 साली अळंब्यांतून कायटिन वेगळे केले आणि रूजे याने 1859 साली ते तीव्र अल्कलीत उकळून आम्लात विरघळणारे केले; तेच कायटोसॅन. आज हा पदार्थ बहुधा कोळंबीच्या टरफलांपासून काढतात. कायटोसॅन आणि ऋणभारित हायल्युरॉनिक आम्ल यांची जोडी जमवली की पापुद्रा नियमित पायऱ्यांनी न वाढता दर फेरीला अधिकाधिक वेगाने जाड होतो, कारण रेणू पृष्ठावर थांबत नाहीत, आत मुरतात आणि पुढच्या बुडवणीत बाहेर येतात. त्यामुळे थर हा शब्दच येथे थोडा फसवा ठरतो. आतील हद्दी पुसट असतात. द्रावणात बेताचे मीठ असले तर रेणू वेटोळे होऊन थर जाड बसतात. मीठ फार झाले तर बंध सैलावून पापुद्रा विरघळूही शकतो. द्रावणाची आम्लता कमी होऊ लागली की कायटोसॅनचा भार ओसरतो आणि पकड सुटते. टिकाऊपणा शोधणाऱ्यास हे दूषण वाटेल, परंतु औषध नेमक्या ठिकाणी सोडू पाहणाऱ्याला हाच गुण.

खानदेशात ही विद्या आता परकी नाही. शिरपूरच्या एच. आर. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्थेतील संशोधकांनी, स्मृतिभ्रंशाच्या विकाराशी निगडित बीटा-अमायलॉइड या द्रव्याचा माग काढणाऱ्या संवेदकासाठी, कायटोसॅनच्या मध्यस्थीने थर रचण्याची हीच रीत वापरली आहे. शिरपूरच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे, आणि त्याच्या रानात धावडा आहे. धावड्याच्या डिंकातही ग्लुक्युरॉनिक आम्लाचे अंश असल्याने तो पाण्यात ऋणभार धारण करतो. म्हणजे कायटोसॅनला जोडीदार म्हणून तो जातीने पात्र ठरतो. बाळंतिणीच्या लाडवांत त्याची योग्यता सिद्ध झालीच आहे. शिरपूर-जळगावच्या प्रयोगशाळांनी विकतच्या ऋणभारित द्रव्यांबरोबर या स्थानिक उमेदवाराचीही एकदा रीतसर परीक्षा घ्यावी.