आईचा तीळ आणि हाकोनेची चौकी

आई जपानला यायला तयार झाली ती एका अटीवर. "त्या सगळ्यांसोबत आंघोळीच्या जागी मला न्यायचं नाही." कुणीतरी तिला सांगून ठेवलं होतं की इथे गरम पाण्याच्या कुंडात अंगावर चिंधीसुद्धा न ठेवता उतरावं लागतं, आणि शेजारी ओळखदेख नसलेल्या बायका असतात. मी म्हटलं, बरं बाई, नाही नेत. आणि पहिल्याच मोठ्या सुट्टीला तिला घेऊन गेले ते हाकोनेला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाला! घरातल्यांना आमचे हे प्रकार ठाऊक आहेतच.

हाकोने टोकियोच्या नैर्ऋत्येला, डोंगरात. ज्वालामुखीच्या जुन्या विवरात वसलेलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तिथल्या कामी डोंगराचा कडा ढासळला, नदीची वाट अडली आणि आशी नावाचं सरोवर तयार झालं. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे ते. जमिनीखालची आग अजून पुरती विझलेली नाही. २०१५ साली ओवाकुदानीच्या दरीत छोटा उद्रेक झाला होता, तेव्हा तो भाग बरेच महिने बंद होता. त्याच आगीवर तापलेलं पाणी गावोगावच्या कुंडांत येतं.

युमोतोला उतरल्यावर तडजोड म्हणून पाय बुडवायचं कुंड शोधलं. लाकडी बाकावर बसायचं, सलवार गुडघ्यापर्यंत वर घ्यायची आणि पाय पाण्यात सोडायचे. आई पाच मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, "वज्रेश्वरीला गेलो होतो तेव्हा तुझे बाबा पाण्यातून निघायलाच तयार नव्हते." बाबा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्याबद्दल ती असं मधूनच, काही कारण नसताना बोलते. मीही काही बोलले नाही, पाय हलवत बसले.

तिथून बसने वर सरोवरापाशी गेलो. फुजी ढगात होता, त्यामुळे ज्यासाठी सगळे येतात तेच दिसलं नाही. धक्क्याला चाच्यांच्या जहाजासारखी सजवलेली मोठी बोट लागलेली, मुलांचा नुसता गोंगाट. आणि त्या धक्क्याच्या जवळच काळ्या लाकडाच्या इमारती. हीच हाकोनेची जुनी चौकी.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. तोकुगावा शोगुनांचं राज्य एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत. एदोहून क्योतोकडे जाणारा राजमार्ग म्हणजे तोकाईदो, आणि त्यावरचा सर्वांत अवघड टप्पा हा हाकोनेचा घाट. इथे १६१९ साली चौकी बसवली. पुढे १६३५ साली नियम पक्का झाला की प्रत्येक सरदाराने ठरल्या काळाने एदोत येऊन राहायचं आणि आपल्या मुलखात परत जाताना बायको आणि वारस मात्र एदोतच ठेवायचे. थोडक्यात, ओलीस. आता ओलीस ठेवलेली बायको गुपचूप पळून नवऱ्याच्या मुलखात गेली, तर समजायचं की सरदार बंड करणार. म्हणून चौक्यांना दोन गोष्टींवर नजर ठेवायला सांगितलं होतं : आत येणाऱ्या बंदुका आणि बाहेर जाणाऱ्या बायका. हाकोनेच्या चौकीत तर बंदुकांची तपासणी नव्हतीच. तिचा सगळा जोर बायकांवर.

सरदारांच्या बायकांसाठी केलेला नियम, पण जाच सगळ्याच बायकांना. एदोतून बाहेर पडणाऱ्या बाईला दस्तक लागायचं. त्यात ती कोण, कुठून कुठे आणि कशासाठी चाललीय, विवाहित की विधवा की जोगीण, केस कसे, अंगावर कुठे खूण, हे सगळं लिहिलेलं. चौकीत बायकांची तपासणी करायला बायकाच नेमलेल्या. त्या केस सोडायला लावून, निरखून, कागदाशी ताडून बघायच्या. मजकूर जुळला नाही तर परत जा, नवं दस्तक आणा. चौकीची मूळ इमारत आता नाही. १८६५ साली झालेल्या दुरुस्तीची तपशीलवार कागदपत्रं १९८३ साली सापडली, त्यांच्या आधारे जुन्याच पद्धतीने सगळं पुन्हा बांधून २००७ साली पुरं केलं. आत राखाडी रंगाचे पुतळे आहेत. एक बाई बसलेली आहे आणि दुसरी तिचे केस तपासते आहे.

आई त्या पुतळ्यांसमोर बराच वेळ उभी राहिली. मग गालावर बोट ठेवून म्हणाली, "माझ्या पासपोर्टच्या अर्जात लिहिलं होतं ना, उजव्या गालावर तीळ?"

लिहिलं होतं खरं. ओळखीची खूण. फॉर्म मीच भरला होता, आणि तीळ आठवायला मला तिच्याकडे बघावंही लागलं नव्हतं. तिच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर बाबांचं नाव आहे.

अजून एक गोष्ट मला नकाशा बघताना लक्षात आली. हाकोनेची गरम पाण्याची जुनी गावं, युमोतो, तोनोसावा, मियानोशिता, आशिनोयु, सगळी चौकीच्या एदोकडच्या बाजूला आहेत. म्हणजे दुखऱ्या कमरेसाठी कुंडात आठवडाभर पडून राहायला आलेल्या बाईला ही चौकी ओलांडावी लागत नसे. शेकून घ्या आणि घरी परत जा. घाटापलीकडे ज्यांचं माणूस होतं, त्यांची पंचाईत.

अशीच एक मुलगी होती ओतामा. इझुकडच्या एका खेड्यातली, एदोत चाकरीला ठेवलेली. १७०२ सालच्या आरंभी ती मालकाचं घर सोडून निघाली. कुठे, तर आपल्या घरी. दस्तक अर्थातच नव्हतं. चौकीचं कुंपण एका अंगाने डोंगरावर चढलेलं आणि दुसऱ्या अंगाने थेट सरोवरापर्यंत गेलेलं, वर टेकडीवर सरोवराकडे नजर ठेवणारा पहारा. तिने डोंगरातून वाट काढायचा प्रयत्न केला आणि पकडली गेली. दोन महिन्यांहून जास्त काळ कोठडीत ठेवून तिचं डोकं उडवलं. रानात सापडलेल्या माणसाला पहारेकरी पुष्कळदा 'वाट चुकला' म्हणून सोडून देत, असंही सांगतात. ओतामाच्या वाट्याला तेवढी सूट आली नाही.

जुन्या रस्त्यावर तिच्या नावाचं तळं आहे, ओतामागाइके. तिचं शीर त्या पाण्यात धुतलं म्हणून ते नाव, अशी लोकांत कथा. परतीची बस त्याच रस्त्याने जात होती, म्हणून मध्येच उतरलो. छोटं तळं, भोवती झाडी, माणूस नाही. तिथे मी आईला ही गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं ती "अगं बाई" म्हणेल. ती म्हणाली, "आजीसुद्धा अशीच निघाली होती."

कोण आजी?

माझी आजी, तिची आई. चौदाव्या वर्षी लग्न झालेलं. एका नागपंचमीला मुराळी आलाच नाही. दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे कुणाला न सांगता खिंड ओलांडून एकटी चालत माहेरी गेली. आईने पिठलं-भाकरी वाढली. वडलांनी ताट होईपर्यंत वाट पाहिली आणि दिवेलागणीच्या आत सासरी परत नेऊन सोडलं. दोन्ही घरांनी तिला एकच प्रश्न विचारला : विचारून निघाली होतीस का? पुढे दोन वर्षं माहेरचं नाव काढायचं नाही, ही शिक्षा. आजीने हे आईला एकदाच सांगितलं, आणि आईने मला त्या तळ्याकाठी. इतकी वर्षं आजीच्या मांडीवर लोळले, मला पत्ता नव्हता.

ओतामाची आणि आजीची बरोबरी करायची नाही मला. एकीचा जीव गेला, दुसरी नव्वदीपर्यंत जगली आणि नातवंडांना कडबोळी करून घालत राहिली. पण ओतामा आपल्याला ठाऊक आहे ती तिच्या गुन्ह्याची नोंद झाली म्हणून. आजीची नोंद कुठेही नाही. खिंडीत तर चौकीही नव्हती. दोन घरं पुरेशी होती.

तळ्यापासून थोडं खाली गवताने शाकारलेलं जुनं चहाचं घर आहे. तिथे आंबवलेल्या तांदळाचं गोड, गरम पेय मिळतं, आमाझाके म्हणतात त्याला. दारू नव्हे. आईने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग पूर्ण संपवलं. "खिरीसारखं आहे, वेलदोडा हवा होता," एवढीच तक्रार.

हाकोनेची चौकी १८६९ साली बंद झाली. अडीचशे वर्षं चालली म्हणायची. तिच्या दारातून आज कुणीही कसलाही कागद न दाखवता, फक्त तिकीट काढून जातं. आम्हीही या दारातून आत शिरून त्या दारातून बाहेर पडलो होतो, एदोच्या उलट दिशेने. आईला ते मी नंतर सांगितलं तर म्हणाली, "मग आधी नाही का सांगायचं? नीट बघून चालले असते."

युमोतोला परतलो तेव्हा अंधारलं होतं. गाडीला वेळ होता. आई त्या पाय बुडवायच्या कुंडाकडे बघत म्हणाली, "ते दुसरं असतं ना, आतलं... तिथे आत्ता फार गर्दी असेल का गं?"

फार नव्हती. बाकीचं तिने कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलंय. असो.