पेडण्यावरून जाणारी यात्रा

पायी यात्रा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर आषाढ उभा राहतो. पेडण्याचा माणूस मात्र आणखी एका यात्रेचे नाव घेईल. ती निघते नोव्हेंबरच्या अखेरीस, भातकापणी आटोपून शेते मोकळी झाल्यावर. सावंतवाडी, बांदा या भागांतील ख्रिस्ती माणसे, आणि त्यांच्यासोबत कधीकधी हिंदू शेजारीही, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनासाठी पत्रादेवीवरून मालपे, पेडणे, धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पणजी असे करीत जुन्या गोव्यापर्यंत चालत जातात. अंतर सुमारे पासष्ट किलोमीटर. २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना चालतात आणि ३ डिसेंबरला फेस्त होते. बेळगावकडून येणारे काही जण चोर्ल्याचा घाट उतरून साखळीवरून, म्हणजे डिचोली तालुक्यातून, येतात. त्यांची वाट अधिक लांब, आणि घाटातली थंडीही अधिक बोचरी.

या वाटेचा इतिहास सरळ नाही. झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले, तेव्हा त्यांनी राजाच्या इस्पितळात मुक्काम करून रोग्यांची शुश्रूषा केली; कुष्ठरोग्यांकडेही ते जात असत. याच झेवियरांनी १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय स्थापण्याची विनंती केली. त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० मध्ये, ते न्यायालय आले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत टिकले. त्याच्या जाचाने हिंदूंनी तर घरेदारे सोडलीच; पण नवख्रिस्ती कुटुंबेही शेजारच्या मुलखात जाऊन राहिली. आज उत्तरेकडून चालत येणाऱ्यांपैकी काहींचे पूर्वज याच वाटेने उलट दिशेला गेले असावेत.

पेडणे आणि डिचोली त्या काळी पोर्तुगीजांकडे नव्हती. डिचोली १७८१ मध्ये त्यांच्या हाती गेली. पेडणे सावंतवाडीकरांनी १७८८ मध्ये दिले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि या नव्या काबिजादींतील लोकांच्या धर्माला व चालीरीतींना हात लावणार नाही, असे राज्यकर्त्यांना मान्य करावे लागले. म्हणून तेथील देवळे राहिली. डिचोली तालुक्यातल्या नार्वे येथील सप्तकोटेश्वराचेच पाहा. दिवाडी बेटावरचे त्याचे मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडले, देव नदीपलीकडे आणला गेला, आणि १६६८ साली शिवाजीमहाराजांनी त्याचे मंदिर नव्याने उभारले. तेव्हा झेवियरांच्या समाधीकडे जाणारी ही वाट बहुतांशी हिंदूंच्या अंगणांसमोरून जाते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

एका वर्षी मीही पत्रादेवीपासून त्यांच्याबरोबर चाललो. ऊन टाळण्यासाठी लोक रात्रीच निघतात. कित्येक अनवाणी होते. पहाटे शेतांवर दंव पडलेले आणि समोरून मालमोटारींचे दिवे डोळ्यांवर येत असलेले. रुंद झालेल्या महामार्गाने पायी माणसाची सोय पाहिलेली दिसत नाही. धारगळच्या अलीकडे एका घराच्या ओट्यावर चहाचे पातेले ठेवलेले होते. दारात तुळशीवृंदावन. तेथल्या म्हातारीला मी विचारले, "आजी, यांत तुमचे कोणी आहे का?" तिने प्रश्न ऐकलाच नाही. तापल्या पाण्यात मूठभर मीठ टाकून तिने मला त्यात पाय बुडवायला सांगितले.

हल्ली शहरांतून धर्मादाय निधीसाठी चालण्याचे उपक्रम होतात. चालणारा किलोमीटरमागे देणगीचे वचन घेतो. विनोबाही १९५१ पासून भूदानासाठी चालले, ते मागण्यासाठीच. येथे चालणारा काही मागत नाही. देणारा आपल्या ओट्यावरून हललेलाही नसतो.

पण ही वाटही एकदा अडली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. पत्रादेवीलाही रक्त सांडले. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली. डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झालेल्या शवदर्शन सोहळ्याला कोठून कोठून लोक आले होते. आता बांद्याच्या माणसाला पेडणे परके झाले. १९६१ चे फेस्त ३ डिसेंबरला झाले आणि १८ तारखेला भारतीय सेना गोव्यात शिरली. मुक्तीनंतरचे पहिले जाहीर शवदर्शन १९६४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. पत्रादेवीला आज हुतात्म्यांचे स्मारक आहे. यात्रेकरू त्यावरूनच पुढे जातात.

रायबंदरचा लांबच लांब बांध लागला तेव्हा उजाडत होते. १६३३-३४ मध्ये खाजणातून घातलेला हा रस्ता अजून पाय पेलतो. परतताना मात्र बहुतेकजण बसनेच जातात, मीही गेलो. येताना थांबा, असे आजीने बजावले होते. बस धारगळवरून गेली तेव्हा दुपार झाली होती. ओट्यावर पातेले धुऊन पालथे घातले होते, आणि दार लोटलेले होते.