पहारेकऱ्यावरील आळ

ज्यांचे आयुष्य फायलींच्या सहवासात जाते, त्यांना अस्सल आणि नक्कल यांतील अंतर वेगळे सांगावे लागत नाही. सेवापुस्तकात जन्मतारीख उतरवताना एक आकडा चुकला, की पुढची प्रत्येक नक्कल ती चूक इमानाने पुढे नेते. पुष्कळ वर्षांनी कोणी मूळ दाखला समोर ठेवील, तेव्हाच बिचाऱ्या कर्मचाऱ्याची सुटका होते. विज्ञानाच्या इतिहासात अशीच एक हकीकत घडली आहे. तीत बिघडलेली नक्कल होती एका जनुकाची, आणि तिच्यापायी दहा वर्षे एका पहारेकऱ्यावर चोरीचा आळ राहिला. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचे नाव पी-५३.

माकडांत आढळणारा एसव्ही-४० नावाचा एक विषाणू प्रयोगशाळेतील पेशींना कर्करोगी वळण लावतो. १९७९ मध्ये लंडन येथे डेव्हिड लेन व लायोनेल क्रॉफर्ड, आणि अमेरिकेत प्रिन्स्टन येथे आर्नोल्ड लेव्हिन व त्यांचे सहकारी त्याचा अभ्यास करीत होते. विषाणूच्या प्रथिनाला बिलगलेले, पेशीचे स्वतःचे असे एक प्रथिन दोन्ही ठिकाणी हाती लागले. त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे लॉइड ओल्ड यांच्या गटाला ते रसायनांमुळे उद्भवलेल्या अर्बुदांतही दिसले. कर्कपेशींत ते मुबलक, तर निरोगी पेशींत जवळजवळ अदृश्य. गुन्ह्याच्या जागी जो नेहमी आढळतो, त्याच्यावर संशय जायचाच. पुढे १९८४ मध्ये त्याचे जनुक दुसऱ्या एका कर्कजनक जनुकाच्या जोडीने पेशींत घातले असता त्या पेशी कर्करोगी झाल्या, आणि संशयावर निकालाचे शिक्कामोर्तब झाले. पी-५३ ची नोंद कर्कजनकांच्या यादीत झाली.

वस्तुतः वेगळा विचार सुचविणारा एक निबंध यापूर्वीच प्रसिद्ध झाला होता. मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या एका कर्करोगाच्या ४८ रुग्णांचा अभ्यास करून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये असे मांडले, की हा रोग होण्यास दोन आघात पुरतात. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या, की रोग उद्भवतो. याचा अर्थ असा, की काही जनुकांचे असणे घातक नसून नसणे घातक असते. परंतु हा विचार पी-५३ ला लागू पडेल, असे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले नाही.

आळ दूर झाला तो १९८९ मध्ये, आणि तोही मूळ प्रत तपासल्यामुळे. एका प्रयोगशाळेतील जनुकाने पेशी बिघडत, दुसरीतील जनुकाने बिघडत नसत. लेव्हिन यांच्या गटाने दोन्हींची अक्षरे पडताळून पाहिली, तेव्हा उलगडा झाला, की इतके दिवस अस्सल म्हणून वापरलेली प्रतच बिघडलेली होती! निर्दोष जनुक पेशींत घातले असता ते कर्करोगाला उलट अटकाव करीत होते. त्याच वर्षी बाल्टिमोर येथे बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाला असे आढळले, की मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सतराव्या गुणसूत्रावरील या जनुकाची एक प्रत गहाळ होते आणि उरलेली बिघडलेली असते. हेच नुडसन यांचे दोन आघात.

मग जुना पुरावाही सरळ वाचता आला. निरोगी पेशी हे प्रथिन बनवते व लगोलग मोडून टाकते, म्हणून ते दिसत नाही. बिघडलेले मात्र साचत राहते. शिवाय ते चौघांच्या जुडग्याने काम करते, आणि त्यांत एखादा बिघडलेला शिरला, तर निरोगीही निरुपयोगी होतात.

त्याचे खरे काम कोणते? ऊन, धूर, किरणोत्सर्ग, आणि पेशीच्या स्वतःच्या घडामोडी यांमुळे डीएनएच्या धाग्याला प्रत्यही हजारो इजा होत असतात. इजा गंभीर असली, की पी-५३ चा साठा वाढतो आणि ते पेशीचे विभाजन थांबविते. दोषयुक्त मजकुराची नक्कल निघण्याआधी दुरुस्तीला अवधी मिळावा, एवढ्यासाठी. दुरुस्तीचे कारागीर पुष्कळसे निराळे. १९९४ मध्ये हाती आलेले बीआरसीए-१ हे जनुक त्यांपैकी एक. डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यास ते सांधण्याच्या कामी त्याचे प्रथिन लागते. दुरुस्ती अशक्यच ठरली, तर पी-५३ त्या पेशीला आत्मनाशाची आज्ञा देते. म्हणूनच १९९२ मध्ये लेन यांनी त्याला जनुकसंचाचा रक्षक म्हटले. ज्यांनी त्याला प्रथम पाहिले, त्यांपैकीच एकाने हा बहुमान द्यावा, यात न्यायाचे समाधान आहे.

आज मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत हा रक्षक जायबंदी झालेला आढळतो. १९९६ मध्ये असे दिसून आले, की तंबाखूच्या धुरातील बेंझोपायरीनपासून शरीरात बनणारे द्रव्य या जनुकाच्या ज्या जागांवर चिकटते, नेमक्या त्याच जागा फुप्फुसाच्या कर्करोगात बिघडलेल्या असतात. चोराने आपल्या बोटांचे ठसे पहारेकऱ्याच्याच अंगावर सोडावेत, तसे हे झाले. दुपारच्या चहानंतर व्हरांड्यात सिगारेट शिलगावणाऱ्या आपल्या मित्रमंडळींनी एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवली, तरी पुष्कळ होईल. आपल्या आतला रक्षक सोशिक आहे, परंतु अमर नाही.

एक चूक मात्र अद्यापि तशीच आहे. नावातील ५३ हा आकडा त्या प्रथिनाच्या वजनाचा, म्हणजे ५३ हजार डाल्टनांचा. पुढे हिशेब केला तेव्हा खरे वजन सुमारे ४४ हजार भरले. प्रथिनाच्या घडणीमुळे मोजणीत ते जड भासले होते. नाव बदलण्याच्या खटपटीत कोणी पडले नाही. दप्तरातला चुकीचा आकडा आपणही कधी कधी असाच चालवून घेतो. आकडा चुकला तर एक वेळ चालेल. चारित्र्याचा शेरा चुकला, तर मात्र मूळ कागद काढून पाहिलाच पाहिजे.