सोनेगावच्या रात्री

भारताच्या भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि नागपूर या दोन ठिपक्यांमध्ये एक दोरा ताणून धरा. तो औरंगाबादवरून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरावरून, जातो. पुढे मेहकरजवळून आणि कारंजा लाडच्या किंचित उत्तरेने वऱ्हाड ओलांडून तो नागपूरला पोहोचतो. अमरावती–नागपूर रस्त्यावरचे आमचे नांदगाव पेठ या दोऱ्याच्या उत्तरेला साधारण तीस किलोमीटरवर आहे. १९४९ पासून कित्येक वर्षे रोज मध्यरात्रीच्या सुमारास या दोऱ्याच्या आसपास एक डाकोटा विमान नागपूरकडे जात असे आणि उत्तररात्री मुंबईकडे परतत असे. त्यात प्रवासी थोडे असत. मुख्य माल म्हणजे पत्रांच्या थैल्या.

त्याच वेळी दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली आणखी तीन विमाने नागपूरकडेच येत असत. मध्यरात्र उलटली की सोनेगावच्या विमानतळावर चौघांची भेट होई. थैल्यांची अदलाबदल होई, लांबचे प्रवासी एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसत, आणि प्रत्येक विमान पहाटेपर्यंत आपल्या शहरी परत जाई. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात! रेल्वेने हेच अंतर सुमारे दोन हजार किलोमीटरचे. मेलगाडीलाही दीड दिवसाहून कमी वेळ लागत नसे.

या योजनेतले गणित वर्गात घेण्यासारखे आहे. चार शहरे एकमेकांना थेट जोडायची तर किती मार्ग लागतील? मुले बोटे मोजून सहा म्हणतील. मधे एक समाईक ठिकाण घेतले तर चारच मार्ग पुरतात. चारांच्या जागी दहा शहरे घ्या. थेट मार्ग ४५ होतात, मधल्या ठिकाणातून मात्र दहाच. शहरे वाढतात तसा हा फरक झपाट्याने वाढतो. सायकलच्या चाकात आरे जसे तुंब्याला जोडलेले असतात, तशी ही रचना. अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेस या कंपनीने १९७३ साली मेम्फिस शहरात रात्री सगळी विमाने एकत्र आणून पार्सलांची अदलाबदल सुरू केली आणि ही रचना जगभर गाजली. आपल्या सोनेगावात तोपर्यंत ती दोन तपे जुनी झाली होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

नागपूर मध्यावर आहे म्हणतो, पण ते नेमके मध्यावर नाही. सरळ रेषेत मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०० आणि कलकत्ता जवळजवळ ९८०. डाकोटाचा वेग ताशी २६० किलोमीटर धरला, तर मुंबईहून दोन तास चाळीस मिनिटे लागतील आणि कलकत्त्याहून पावणेचार तास. म्हणजे चौघांना एकाच वेळी पोहोचायचे असेल तर कलकत्त्याच्या वैमानिकाने मुंबईवाल्याच्या तासभर आधी निघायला हवे. वाऱ्याचा हिशेब वेगळाच. आणि एकाला उशीर झाला, तर बाकीच्या तिघांनी त्याच्यासाठी थांबायचे की त्याच्या थैल्या सोडून निघायचे? समाईक ठिकाणाच्या रचनेतला हा मूळचा कच्चा दुवा आहे. तो आजही गेलेला नाही.

ही कल्पना अमलात आणण्याचा आग्रह धरला तो तेव्हाचे दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांनी. ३० जानेवारी १९४९ रोजी सेवा सुरू झाली, आणि १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजनाही लागू झाली. जे. आर. डी. टाटा यांचा मात्र रात्रीच्या सेवेला विरोध होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी स्वतः एक छोटे पस मॉथ विमान चालवत कराचीहून मुंबईला टपाल आणणारा हा माणूस. वाटेत अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून येई, असे ते दिवस! तेव्हा विरोध काही भित्रेपणाचा नव्हता. रात्रीच्या नियमित उड्डाणांसाठी जमिनीवर ज्या सोयी लागतात त्या देशात पुरेशा नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. सेवा सुरू करणारी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स ही कंपनी काही महिन्यांतच थांबली आणि ते काम हिमालयन एव्हिएशनकडे गेले. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर ते इंडियन एअरलाइन्सकडे आले.

टाटांच्या हरकतीत किती तथ्य होते हे समजायचे असेल तर डाकोटाच्या वैमानिकाच्या जागी बसून पाहावे लागेल. दोन इंजिने, प्रत्येकी सुमारे १२०० अश्वशक्तीची; त्यांच्या घरघरीत शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागे. विमानाच्या आत हवेचा दाब कायम राखण्याची सोय नव्हती. म्हणून फार उंच जाता येत नसे. दहा-बारा हजार फुटांच्या वर गेले की विरळ हवेचा त्रास सुरू होई. पावसाळ्यात आपल्याकडे गडगडाटी ढगांचे मनोरे चाळीस-पन्नास हजार फुटांपर्यंत चढतात. आजची जेट विमाने बऱ्याच ढगांच्या वरून जातात आणि उरलेले रडारवर पाहून टाळतात. डाकोटाला वरचा रस्ता बंद. पुढे ढग कुठे आहे हे विजेच्या लखलखाटात दिसेल तेवढेच. दिशेसाठी होकायंत्र, घड्याळ आणि जमिनीवरच्या बिनतारी केंद्राकडे वळणारी एक सुई. पण तीही वादळात फसवी. विजेच्या प्रत्येक कडकडाटातून रेडिओलहरी निघतात, आणि सुई केंद्राकडे वळण्याऐवजी ढगाकडेच वळू लागते. म्हणजे जिथे जायचे नाही, नेमकी तीच दिशा यंत्र दाखवणार.

विमानांच्या जुन्या दिवसांच्या आठवणी निघाल्या की माणसे हळवी होतात. दक्षिण अमेरिकेत रात्रीचे टपाल नेणाऱ्या फ्रेंच वैमानिकांवर सेंट-एक्झ्युपेरीने १९३१ साली कादंबरी लिहिली. तीत पातागोनिया, चिली आणि पॅराग्वे या तीन दिशांनी येणारी विमाने ब्युनोस आयर्सला भेटतात, आणि एक वादळात हरवते. आपल्याकडेही किंमत मोजावी लागलीच. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटेच्या अंधारात मद्रासला निघालेले टपालाचे डाकोटा नागपूरहून उडताच कोसळले. आतल्या १४ जणांपैकी १३ मरण पावले.

मग किडवाई चुकले का? मला तसे वाटत नाही. जमिनीवरच्या सोयी पुऱ्या होईपर्यंत थांबायचे म्हटले असते, तर त्या सोयींसाठी पैसे कोणी मंजूर केले असते, हाही प्रश्नच आहे. पण टाटांची हरकतही खोटी नव्हती. शाळेत इतिहास शिकवताना आपण बहुधा दोघांपैकी एकाला शहाणा ठरवून मोकळे होतो.

वऱ्हाडच्या वाट्याला यातले काय आले? अकोल्याजवळ शिवणीची धावपट्टी १९४३ पासून होती, पण आमच्याकडची पत्रे रेल्वेनेच जात. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाची उभारणी १९९२ मधली, आणि तेथून मुंबईची नियमित प्रवासी सेवा सुरू झाली ती १६ एप्रिल २०२५ रोजी. टपालाची विमाने आमच्या आभाळातून नुसती जात राहिली. अडीच किलोमीटर उंचीवरचे विमान तीस किलोमीटरवरून क्षितिजाच्या वर जेमतेम पाच अंशांवर असते. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश व्यापते, म्हणजे अर्धी मूठ. दिवा दिसलाच तर एखाद्या सरकत्या अंधुक ताऱ्यासारखा, तोही झाडे आड आली नाहीत तर.

या सेवेचा पुरावा मात्र घरोघरी मिळण्याजोगा आहे. जुन्या घरांत पत्रे वाचून झाली की तारेच्या आकड्याला टोचून ठेवत. त्या काळच्या पाकिटावर पुष्कळदा दोन शिक्के असतात, एक टपाल टाकल्या गावचा आणि दुसरा पोहोचल्या गावचा. मुलांना पन्नास-साठच्या दशकांतली अशी पत्रे घरी शोधायला सांगावीत आणि दोन्ही शिक्क्यांच्या तारखांमधले दिवस मोजून गावांची नावे नकाशावर मांडावीत. कलकत्त्याचे पत्र नागपूरला किती दिवसांत आले, आणि तेथून नांदगाव पेठेत यायला त्याला आणखी किती दिवस लागले, तेही लिहून ठेवावे.