साल्वादानायो



आमच्या ऑफिसातला एक इटालियन सहकारी गेल्या महिन्यात कुवेत सोडून कायमचा घरी गेला. जाताना माझ्या लेकीला पैसे साठवायचं चिनीमातीचं डुक्कर देऊन गेला. म्हणाला, याला आम्ही 'साल्वादानायो' म्हणतो. लेकीने लगेच विचारलं, "बाबा, मराठीत काय म्हणतात?" 'गल्ला' हा शब्द आठवायला मला चक्क दोन मिनिटं लागली! लाज वाटली, म्हणून त्या इटालियन शब्दाच्याच मागे लागलो.

शब्द जोड आहे. 'साल्वा' म्हणजे राखणारा, 'दानायो' म्हणजे पैसा. आपण 'खिसेकापू', 'लाकूडतोड्या' म्हणतो, क्रिया शेवटी. इटालियनमध्ये उलटं. टॉवेल म्हणजे 'पूस-हात', बाटलीचं बूच काढायचा स्क्रू म्हणजे 'काढ-बूच'. आम्ही आयटीवाले फंक्शनला 'सेव्हफाइल' असं नाव देतो, अगदी तसंच.

'दानायो' हे लॅटिन 'देनारियस'चं टस्कनीतलं रूप. देनारियस हे रोमचं चांदीचं नाणं, इ.स.पू. २११ च्या सुमारास सुरू झालेलं. तेव्हा त्याची किंमत दहा 'अस' होती, म्हणून नावातच दहा. लॅटिन 'देकेम' आणि संस्कृत 'दश' एकाच मुळातले, म्हणजे आपला 'दहा'ही त्याच घरचा. 'साल्वा'च्या मागे लॅटिन 'साल्वुस', म्हणजे सुखरूप, अख्खा. त्याचा संस्कृत भाऊ कोण, तर 'सर्व'! मी तर उडालोच. डुकराच्या पोटात आधीपासून 'सर्व' आणि 'दहा' बसलेले.

नाणं स्वतःही आपल्याकडे आलं होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात सोन्याचांदीची देनारी आहेत, आणि ती स्थानिक नाण्यांशी बदलून नफा होई असंही लिहिलंय. पुढे गुप्तकाळात, सांचीच्या शिलालेखात पंचवीस 'दीनारां'चं दान नोंदलंय. अरबांनी सातव्या शतकाच्या अखेरीस आपलं सोन्याचं नाणं पाडलं, तेही याच नावाने. कुवेतला स्वतःचा दिनार मात्र १९६१ मध्ये मिळाला. तोवर इथे रुपयाच चालायचा, आणि हे इथल्या कितीतरी मराठी लोकांना ठाऊक नसतं.

लेकीने या सगळ्यातलं 'दहा' तेवढं लक्षात ठेवलंय. रोज दहा फिल्सचं एक नाणं टाकते. आमचा गल्ला फोडावा लागायचा. याला खाली रबरी बूच आहे, पण ते मी तिला अजून दाखवलेलं नाही.